कॅज्युअल्टीत वेळ नेमका कुठे जातो: सरकारी मेडिकल कॉलेजांच्या तातडीच्या सेवेचं परीक्षण

मुंबईतली केईएम, सायन, नायर, जेजे, पुण्याचं ससून, नागपूरची मेडिकल आणि मेयो, संभाजीनगरची घाटी. मोठा अपघात झाला, साप चावला, कोणी विष घेतलं, की गोरगरीब महाराष्ट्र अजूनही याच दारांकडे धाव घेतो. यांपैकी कोणा एका रुग्णालयाचा पंचनामा इथे केलेला नाही. मेडिकल कॉलेजची कॅज्युअल्टी ज्या साच्यात चालते तो साचा बहुतेक ठिकाणी सारखा आहे आणि खोळंबाही त्याच त्याच जागी होतो. तो साचाच इथे तपासला आहे.

आधी निकाल सांगतो. जीव जाण्याच्या बेतात असलेल्या माणसाला इथे फार लवकर हात लागतो. श्वास थांबलेला, रक्त वाहणारा, झटके येणारा रुग्ण आला की चार-पाच निवासी डॉक्टर एकदम जमतात, तेही रात्री तीन वाजता. ही गोष्ट बऱ्याच महागड्या खाजगी रुग्णालयांतही मिळत नाही. याला दहापैकी आठ गुण. तासाभरात जिवाला धोका नाही, पण घरीही पाठवता येत नाही, अशा मधल्या रुग्णाला मिळणाऱ्या सेवेला चार. आणि दाखल करायचं ठरल्यावर प्रत्यक्ष वॉर्डात किंवा आयसीयूत पोहोचेपर्यंतच्या टप्प्याला दोनच. हा शेवटचा टप्पा कोलमडतो म्हणून त्याच्या आधीचा टप्पा रखडतो. दारात दिसणाऱ्या गर्दीचं मूळ वरच्या मजल्यावर असतं.

दारापासून सुरुवात करू. केसपेपरच्या खिडकीवर नाव, वय, पत्ता, मोबाइल नंबर एवढंच लागतं. रुग्ण बेशुद्ध आणि अनोळखी असला तर ‘अनोळखी पुरुष’ किंवा ‘अनोळखी स्त्री’ म्हणून नोंद होते. कागद नाही म्हणून उपचार थांबवायचे नसतात. जिथे शिस्त आहे तिथे लाल गटातला, म्हणजे ताबडतोब पाहायलाच हवा असा, रुग्ण थेट आत जातो आणि केसपेपर मागाहून येतो. जिथे नाही तिथे रुग्ण ट्रॉलीवर आणि नातेवाईक खिडकीच्या रांगेत, अशी पहिली पंधरा-वीस मिनिटं फुकट जातात. इथली एक साधी चूक पुढे फार महागात पडते: केसपेपरवर नाव एका तऱ्हेने लिहिलेलं, रक्ताच्या फॉर्मवर दुसऱ्या तऱ्हेने. मग लॅबमध्ये रिपोर्ट तयार असूनही सापडत नाही. आधार कार्डावरचं नाव, जसंच्या तसं, प्रत्येक कागदावर लिहून घ्यावं. आडनाव आधी की नंतर, एवढ्यावरूनही घोळ होतो.

दारातली दुसरी टंचाई ट्रॉलीची आणि ती ढकलणाऱ्या मामांची. एका पाळीला हाताच्या बोटांवर मोजण्याइतके वॉर्डबॉय असतात. त्यांतला एक रुग्णाला घेऊन सीटी स्कॅनला गेला की तो आणि ट्रॉली, दोन्ही तासभर अडकतात. तोवर दारात आलेल्या १०८ च्या गाडीतला रुग्ण गाडीच्याच स्ट्रेचरवर पडून राहतो. म्हणजे ती गाडीही अडकली, आणि तिकडे कुठल्या तरी रस्त्यावर पडलेल्या माणसापर्यंत दुसरी, लांबची गाडी जाणार. २०१४ मध्ये ही सेवा राज्यात सुरू झाली तेव्हा ताफा ९३७ गाड्यांचा होता. त्यांतल्या २३३ प्रगत जीवरक्षक, बाकीच्या मूलभूत. एवढ्या मोठ्या राज्यासाठी एकेका गाडीचा अर्धा तास मोलाचा आहे.

यानंतर येतं ट्रायेज, म्हणजे कोणाला आधी पाहायचं हे ठरवणं. श्वासाचा वेग, नाडी, रक्तदाब, बोटावरच्या ऑक्सिमीटरचा आकडा, रुग्ण हाकेला ओ देतो का, आणि बोटातून थेंब काढून साखर. सरावलेल्या सिस्टरला यासाठी दोन-तीन मिनिटं पुरतात. मग लाल, पिवळा किंवा हिरवा पट्टा. लाल म्हणजे ताबडतोब, पिवळा म्हणजे थोडं थांबता येईल पण नजर ठेवायची, हिरवा म्हणजे चालता-बोलता रुग्ण. ज्या कॅज्युअल्टीत या कामासाठी वेगळी, त्या पाळीत दुसरं काहीही न करणारी सिस्टर बसवलेली असते, तिथला कारभार लगेच ओळखू येतो. जिथे ती नसते तिथे क्रम आवाजावर ठरतो: ज्याच्यासोबत माणसं जास्त, त्याला आधी पाहिलं जातं. आपल्याकडे इमर्जन्सी मेडिसिन या शाखेला स्वतंत्र पदव्युत्तर विषय म्हणून मान्यता मिळाली ती २००९ मध्ये. त्यामुळे अजूनही बऱ्याच कॅज्युअल्टीत पहिला हात सीएमओ, म्हणजे कॅज्युअल्टीचे वैद्यकीय अधिकारी, आणि इंटर्न यांचाच असतो.

ट्रायेजमध्ये सगळ्यात जास्त फसगत शांत रुग्णांची होते. मधुमेही माणसाला हृदयविकाराचा झटका छातीत न दुखता येऊ शकतो. नुसता घाम, दम आणि मळमळ. म्हाताऱ्या माणसाला जंतुसंसर्ग झाला तर ताप न येता नुसती गुंगी येते. पाळी चुकलेली तरुण बाई पोटदुखी आणि चक्कर सांगते, आणि आत गर्भनलिका फुटलेली असते. हे तिघेही आरडाओरडा करत नाहीत आणि पिवळ्या, कधी हिरव्या रांगेत बसवले जातात. दुसरी उणीव याहून मोठी: एकदा दिलेला पट्टा पुन्हा तपासला जात नाही. पिवळ्या रांगेतला माणूस दोन तासांत लाल होऊ शकतो, पण त्याचा रक्तदाब दुसऱ्यांदा कोणी पाहिलेला नसतो. म्हणून सोबतच्या माणसाने तिष्ठत बसताना चार गोष्टींवर डोळा ठेवावा: बोलणं असंबद्ध होतंय का, श्वास जोरात चालू झालाय का, हातपाय थंड आणि ओलसर लागतात का, लघवी बंद झालीय का. यातलं काही दिसलं तर ‘किती वेळ लागेल?’ असं विचारत बसू नये. ‘आले तेव्हा बोलत होते, आता हाकेला ओ देत नाहीत’ असं बदललेलं लक्षण सांगावं. अशा वाक्यावर सिस्टर जागच्या उठतात.

आता गर्दीविषयी. सर्दी-तापाचे, खरचटल्याचे रुग्ण कॅज्युअल्टीत येतात म्हणून सगळं तुंबतं, हे वर्षानुवर्षं सांगितलं जातं. ओपीडी दुपारी उरकते आणि रोजंदारीवरच्या माणसाला संध्याकाळीच सवड मिळते, त्यामुळे हे रुग्ण येतात हे खरं. केसपेपरची रांग त्यांच्यामुळे लांबते, हेही खरं. पण हिरवा रुग्ण डॉक्टरांची पाच मिनिटं घेतो, खुर्चीवर बसतो, गोळ्या घेऊन जातो. तो ट्रॉली अडवत नाही, ऑक्सिजनची जोडणी अडवत नाही, आयसीयूचा बेड मागत नाही. त्याला दोष देणं म्हणजे साप समजून भुई धोपटणं. त्याच्यासाठी संध्याकाळी पाच ते दहा एक वेगळी खोली, एक डॉक्टर आणि एक सिस्टर दिली की त्याचा प्रश्न सुटतो. पुढचा प्रश्न मात्र त्याने सुटत नाही, आणि तो समजण्यासाठी थोडा हिशोब करावा लागेल.

समजा, कॅज्युअल्टीत २० ट्रॉल्या आहेत. ताशी ६ रुग्ण असे येतात, ज्यांना ट्रॉली लागतेच. तपासणी, रक्त, एक्स-रे, निर्णय धरून प्रत्येक जण सरासरी ३ तास ट्रॉलीवर राहतो. सहा गुणिले तीन, म्हणजे कोणत्याही क्षणी १८ ट्रॉल्या भरलेल्या आणि २ मोकळ्या. गाडं सुरळीत चालतं. आता यातल्या ८ ट्रॉल्यांवर असे रुग्ण आहेत की ज्यांना दाखल करायचं ठरलंय, पण वर जागा नाही. उरल्या १२. बारा भागिले तीन, म्हणजे आता ताशी चारच नवे रुग्ण हाताळता येतात, येतात मात्र सहा. दर तासाला दोन मागे राहतात. सहा तासांनी बाहेर १२ माणसं खोळंबलेली असतात, आणि त्या वेळी येणाऱ्या तेराव्या माणसाला ट्रॉली मिळायला तीन तास लागतात. डॉक्टर तेवढेच, रुग्ण तेवढेच, कामाचा वेगही तोच. बदललं ते एवढंच की आठ जण वर गेले नाहीत. अशा वेळी कॅज्युअल्टीत आणखी दोन डॉक्टर नेमले तरी फारसा फरक पडत नाही, कारण तपासायला जागाच नसते.

हे आठ जण अडकतात कशामुळे? इथे आपल्याकडची गोष्ट परदेशाहून वेगळी आहे. आपली मोठी सरकारी रुग्णालयं साध्या वॉर्डात रुग्णाला सहसा नाही म्हणत नाहीत. खाट नसली तर दोन खाटांमध्ये गादी घालतात. त्यामुळे ताप-जुलाबाचा रुग्ण वर जातोच. ज्याला जमिनीवर झोपवता येत नाही तो खाली अडकतो: ज्याला व्हेंटिलेटर हवा, सतत मॉनिटर हवा, ऑक्सिजनची भिंतीतली जोडणी हवी. म्हणजे सगळ्यात गंभीर रुग्ण. तो नुसती ट्रॉली अडवत नाही, एक सिस्टर आणि एक निवासी डॉक्टरही अडवतो. व्हेंटिलेटर मिळेपर्यंत अंबू बॅग, म्हणजे हाताने श्वास देण्याची पिशवी, दाबत उभं राहायला माणूस लागतोच. अशी तीन माणसं कॅज्युअल्टीत असली की उरलेल्या सगळ्यांकडे पाहायला दोन सिस्टर उरतात.

आयसीयूतली जागा हलत नाही याचीही ठोस कारणं आहेत. कीटकनाशक घेतलेला रुग्ण घ्या, विदर्भ-मराठवाड्यात हे रोजचं आहे. पहिले काही तास अ‍ॅट्रोपिन हा उतारा देऊन तो सावरल्यासारखा वाटतो, मग एक ते चार दिवसांत मान आणि श्वासाचे स्नायू ढिले पडतात आणि त्याला बऱ्याच दिवसांसाठी व्हेंटिलेटर लागतो. डोक्याला मार लागलेला रुग्ण तर आठवडेच्या आठवडे राहतो. या दोघांना आयसीयूतून काढता येण्याजोगे झाल्यावर ठेवायला मधला विभाग लागतो, म्हणजे मॉनिटर आहे पण व्हेंटिलेटर नाही अशी जागा. बऱ्याच ठिकाणी ती नाहीच किंवा चार-सहा खाटांची आहे. मग आयसीयूतला बरा झालेला माणूस आयसीयूतच राहतो. ज्यांना न्यायला कोणी नाही अशा बेवारस रुग्णांचा प्रश्न वेगळाच. त्यांच्या खाटा महिनोन्‌महिने मोकळ्या होत नाहीत.

दुसरं कारण डिस्चार्जच्या वेळेचं. सकाळी नऊ-दहाला राउंड सुरू होतो, अकरा-बाराला ‘यांना आज सोडा’ असं ठरतं, इंटर्न दुपारी कार्ड लिहितो, औषधं आणायला नातेवाईक खाली जातो, जन आरोग्य योजनेतला रुग्ण असला तर त्याचे कागद पूर्ण होतात, गावाकडची गाडी पाच वाजता येते. खाट संध्याकाळी सहाला रिकामी. कॅज्युअल्टीला ती हवी होती सकाळी अकराला. उद्या कोणाला सोडायचं हे आदल्या संध्याकाळच्या राउंडला ठरवलं, कार्ड रात्री लिहून ठेवलं, आणि सोडलेल्या रुग्णांना बसायला वॉर्डाबाहेर पंधरा-वीस खुर्च्यांची खोली दिली, तर एकही नवी खाट न घेता रोज पाच-सहा तासांची क्षमता मोकळी होते. यात खर्च जवळपास नाही. तरीही हे नेमाने होत नाही, कारण वॉर्डातली रिकामी खाट म्हणजे त्या युनिटला आणखी एक नवा रुग्ण. लवकर खाट रिकामी करणाऱ्याला बक्षीस म्हणून जास्तीचं काम मिळतं.

युनिटच्या पद्धतीचाही यात मोठा हात आहे. मेडिसिन, सर्जरी, ऑर्थो अशा प्रत्येक विभागाची चार-पाच युनिटं असतात आणि प्रत्येकाचा आठवड्यातला एक ‘इमर्जन्सी डे’. त्या चोवीस तासांत येणारे सगळे नवे रुग्ण त्याच युनिटचे. पावसाळ्यात, डेंग्यू, मलेरिया आणि लेप्टोच्या दिवसांत एका युनिटच्या वाट्याला एका दिवसात इतके रुग्ण येतात की त्यांच्या खाटा दुपारीच संपतात, आणि शेजारच्या युनिटच्या रिकाम्या खाटा मात्र ‘आमच्या’ म्हणून राखलेल्या राहतात. रात्री दहानंतर कोणाचीही रिकामी खाट इमर्जन्सीची, असा लेखी नियम जिथे अधीक्षकांनी लावला आहे तिथे हा तिढा सुटतो. जिथे तो तोंडी आहे तिथे दर रात्री नव्याने भांडण होतं.

मग येतात कॉल. सीएमओ पाहतात, मेडिसिनला कॉल देतात. मेडिसिनचे डॉक्टर अर्ध्या-पाऊण तासाने येतात, पोट कडक वाटतं म्हणून सर्जरीला कॉल. सर्जरीचे डॉक्टर ओटीत. तासाने येतात, सोनोग्राफी सांगतात. सोनोग्राफीनंतर गायनॅकला, म्हणजे स्त्रीरोग विभागाला. प्रत्येक जण आपापल्या जागी बरोबर असतो आणि रुग्ण मात्र चार तास एकाच ट्रॉलीवर. अपघातात डोकं, छाती आणि मांडी, तिन्ही ठिकाणी मार असला की परिस्थिती आणखी बिकट, कारण ‘आमच्या बाजूने ठीक आहे’ असा शेरा तिघेही लिहितात आणि दाखल कोणी करायचं तिथेच घोडं अडतं. यावर उपाय दोन. एकामागून एक कॉल देण्याऐवजी लागणारे सगळे कॉल एकाच वेळी द्यायचे. आणि पहिल्या कॉलवर आलेल्या विभागाने, दुसऱ्याने लेखी स्वीकारेपर्यंत, रुग्ण आपला मानायचा. ही जबाबदारी ठरवायला निवासी डॉक्टर पुरे पडत नाही; रात्रीच्या पाळीला एक वरिष्ठ, निर्णय लादण्याचा अधिकार असलेला माणूस प्रत्यक्ष हजर हवा. तो फोनवर उपलब्ध असतो, आणि फोनवरून हा वाद मिटत नाही.

रक्ताच्या तपासण्यांबद्दल लोकांचा समज असा की मशीन जुनी म्हणून उशीर होतो. मशीनवरचा वेळ थोडा असतो. सीबीसी, म्हणजे रक्तपेशींची मोजणी, काही मिनिटांत होतं. वेळ जातो बल्ब, म्हणजे रक्ताची नळी, हातात घेऊन दुसऱ्या इमारतीत जाण्यात, लॅबमध्ये एका खेपेला पुरेसे नमुने जमेपर्यंत थांबण्यात आणि छापील रिपोर्ट परत आणायच्या हेलपाट्यांत. त्याहून जास्त वेळ जातो नमुना नाकारला गेल्यावर, आणि तो नाकारला जाण्याची कारणं बहुतेक टाळता येण्यासारखी असतात. जांभळ्या झाकणाचा बल्ब भरल्यावर आठ-दहा वेळा हळू उलटासुलटा केला नाही तर रक्त गोठतं आणि सीबीसी होत नाही. निळ्या झाकणाचा बल्ब खुणेपर्यंत भरला नाही तर रक्त गोठण्याच्या चाचणीचा आकडा चुकतो, म्हणून लॅब तो घेत नाही. बारीक सुईतून जोर लावून रक्त काढलं किंवा सिरिंजमधून बल्बमध्ये दाबून सोडलं तर तांबड्या पेशी फुटतात, पोटॅशियम खोटंच वाढलेलं येतं, आणि पुन्हा रक्त काढावं लागतं. प्रत्येक वेळी तास-दीड तास गेला. कॅज्युअल्टीतच रक्तातले वायू, साखर, पोटॅशियम, लॅक्टेट आणि ट्रोपोनिन (हृदयाच्या स्नायूला इजा झाल्याची खूण) पाहणारं छोटं यंत्र असलं तर निम्मे निर्णय ट्रॉलीशेजारी होतात. यंत्र बऱ्याच ठिकाणी आहे. त्याची कार्ट्रिज संपलेली असते.

काही थांबणं मात्र उपचाराचाच भाग आहे, आणि ते तसं सांगितलं जात नाही म्हणून नातेवाईक चिडतात. छातीत दुखणाऱ्या माणसाचा ईसीजी आल्यापासून दहा मिनिटांत झालाच पाहिजे, त्यात सवलत नाही. पण तो ठीक आला आणि पहिलं ट्रोपोनिनही ठीक आलं, तरी ते ठरावीक तासांनी, नेहमीच्या चाचणीत साधारण तीन ते सहा तासांनी, पुन्हा पाहावं लागतं. दुखायला लागून थोडाच वेळ झाला असेल तर पहिला आकडा फसवू शकतो. सर्पदंशाचंही तसंच. घोणस किंवा फुरसं चावल्याचा संशय असला तर दोन मिलिलिटर रक्त काचेच्या कोरड्या, स्वच्छ, नव्या नळीत घेऊन २० मिनिटं न हलवता ठेवतात आणि मग नळी तिरकी करून पाहतात. रक्त गोठलं नाही तर विष भिनलंय आणि प्रतिविष सुरू करायचं, सहसा ८ ते १० कुप्यांनी, लहान मुलालाही तेवढ्याच. गोठलं तरी चाचणी पुन्हा पुन्हा करायची आणि रुग्णाला चोवीस तास नजरेखाली ठेवायचं. नळी प्लास्टिकची असली किंवा साबणाने धुतलेली असली तर रक्त चांगलं असूनही गोठत नाही आणि चाचणी खोटी ठरते. हे दोन वाक्यांत समजावून सांगायला अर्धं मिनिट लागतं. माहिती देण्याच्या बाबतीत ही सेवा दहापैकी तीनच्या वर जात नाही, आणि कॅज्युअल्टीतली बरीच भांडणं, डॉक्टरांवर धावून जाण्याचे प्रकारसुद्धा, या न सांगण्यातून पेटतात.

अपघात, मारामारी, विषबाधा, भाजणं, अशा रुग्णांची एमएलसी, म्हणजे पोलिसांना कळवायची कायदेशीर नोंद, होते: रजिस्टरमध्ये नोंद, ओळखीच्या दोन खुणा, जखमांचं वर्णन, पोलीस चौकीला कळवणं. लिहायला पंधरा-वीस मिनिटं लागतात आणि लिहिणारा तोच डॉक्टर असतो ज्याने रुग्ण पाहायचा असतो. पण पोलीस येईपर्यंत उपचार थांबवण्याला कोणताही आधार नाही. परमानंद कटारा खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने १९८९ मध्येच सांगितलं आहे की जीव वाचवणं आधी, कायद्याचे सोपस्कार नंतर, आणि हे सरकारी-खाजगी सगळ्या डॉक्टरांना लागू आहे. जखमीला घेऊन येणाऱ्या वाटसरूलाही मोटार वाहन कायद्यात २०१९ च्या दुरुस्तीने संरक्षण दिलं आहे; स्वतःचं नाव सांगायची त्याच्यावर सक्ती नाही.

बाहेरून ‘रेफर’ होऊन येणारे रुग्ण हा खोळंब्याचा आणखी एक मोठा प्रवाह. ग्रामीण रुग्णालयातून उपजिल्हा, तिथून जिल्हा, तिथून मेडिकल कॉलेज. प्रत्येक टप्प्यावर नवा केसपेपर, पुन्हा तेच रक्त. पाठवणाऱ्याने आधी फोन केलेला नसतो, त्यामुळे व्हेंटिलेटर नसताना व्हेंटिलेटरचा रुग्ण दारात उभा राहतो. चिठ्ठीवर ‘पुढील उपचारांसाठी’ एवढंच असतं. कोणतं औषध, किती, किती वाजता दिलं, हे नसतं. फिटवर दिलेलं इंजेक्शन किंवा सापाच्या प्रतिविषाच्या कुप्यांची संख्या कळली नाही तर पुढचा डॉक्टर अंधारात चाचपडतो. रेफर होताना या तीन गोष्टी चिठ्ठीवर लिहून घेणं हे नातेवाईकाच्या हातात आहे, आणि त्याने पुढचा तास वाचतो.

खाजगी रुग्णालयात वाट कमी पाहावी लागते, हे केसपेपरपुरतं खरं. तिथला खोळंबा वेगळ्या खिडकीवर असतो: अनामत, विम्याची मंजुरी, घरून निघालेले तज्ज्ञ. आयसीयूची खाट तिथेही कोणीतरी सुटल्यावरच मिळते, आणि सुटणारा माणूस विमा कंपनीच्या अंतिम मंजुरीसाठी दिवसभर खाटेवर बसलेला असायचा. म्हणूनच २०२४ मध्ये विमा नियामकाने कॅशलेसचा पहिला निर्णय एका तासात आणि डिस्चार्जची मंजुरी तीन तासांत द्यायचं बंधन घातलं. राज्याच्या शुश्रूषागृह नोंदणी नियमांतही २०२१ च्या सुधारणेनंतर रुग्णहक्कांची सनद दर्शनी भागात लावणं बंधनकारक आहे. पैसे नाहीत म्हणून तातडीच्या रुग्णाला प्राथमिक जीवरक्षक मदतीशिवाय परत पाठवता येत नाही. रस्ते अपघातातल्या जखमीसाठी २०२५ पासून केंद्राची कॅशलेस योजना आहे: अपघातानंतर सात दिवसांपर्यंत, दीड लाख रुपयांच्या मर्यादेत. दारातच त्याची विचारणा करावी.

आपल्या सेवेत सगळ्यात जास्त खटकतं ते असं की इथे घड्याळच लावलेलं नाही. इंग्लंडने २००४ मध्ये चार तासांचा दंडक घातला: आलेल्या ९८ टक्के रुग्णांचा चार तासांत निकाल, म्हणजे दाखल तरी किंवा घरी तरी. २०१० मध्ये तो ९५ टक्क्यांवर आणला, आणि जुलै २०१५ नंतर तोही गाठता आलेला नाही. दंडक मोडला, पण मोजणं थांबलं नाही, म्हणून तिथल्या संशोधकांना २०२२ मध्ये सांगता आलं की दाखल व्हायला आल्यापासून सहा ते आठ तासांहून जास्त लागलेल्या दर ८२ रुग्णांमागे तीस दिवसांत एक जास्तीचा मृत्यू होतो. रुग्णालयाच्या ८५ टक्क्यांहून जास्त खाटा सतत भरलेल्या असल्या की अचानक आलेला लोंढा पेलत नाही, हेही तिथल्याच अभ्यासातून पुढे आलं. आपल्या मोठ्या रुग्णालयांत हा आकडा शंभरच्या वर असतो; गाद्या मोजल्या तर आणखी वर.

आपल्याला सुरुवातीला चारच वेळा लिहून ठेवायच्या आहेत: आला किती वाजता, डॉक्टरने पाहिलं किती वाजता, दाखल करायचं ठरलं किती वाजता, आणि ट्रॉली प्रत्यक्ष हलली किती वाजता. केसपेपरवर चार चौकटी छापल्या की झालं. तिसऱ्या आणि चौथ्या वेळेतलं अंतर रोज सकाळी अधीक्षकांच्या टेबलावर गेलं, तर डिस्चार्जची वेळ, युनिटच्या राखीव खाटा, मधल्या विभागाची गरज, सगळे वाद आकड्यांवर येतील. आज ते अंतर कोणाच्याही वहीत नाही, आणि जे वहीत नाही त्याच्यासाठी पद मंजूर होत नाही.

तोवर ही सेवा वापरणाऱ्यांनी काही गोष्टी ठरवून ठेवाव्यात. अर्धांगवायूची लक्षणं दिसली, तोंड वाकडं, हात लुळा, जीभ अडखळते, तर जवळचं छोटं रुग्णालय गाठू नये. सीटी स्कॅन चोवीस तास चालू असलेल्या ठिकाणी थेट जावं. गुठळी विरघळवणारं इंजेक्शन साडेचार तासांच्या आतच देता येतं, आणि रुग्ण शेवटचा धडधाकट कधी दिसला होता ती वेळ पाठ ठेवावी, कारण पहिला प्रश्न तोच असतो. साप चावला तर उलट: प्रतिविष ग्रामीण रुग्णालयात असतं, बऱ्याच आरोग्य केंद्रांतही असतं. शहर गाठण्याच्या नादात दोन तास घालवण्यापेक्षा पहिला डोस तिथे घ्यावा आणि मग पुढे जावं. साधा ताप, जुनं दुखणं, टाके काढणं यासाठी सोमवारची संध्याकाळ टाळावी. सोबत एकच जबाबदार माणूस आत ठेवावा आणि रोज चालू असलेल्या गोळ्यांची पाकिटं पिशवीत आणावीत. ‘पांढरी गोळी, सकाळची’ याचा उपयोग नसतो. रक्त पातळ करणारी गोळी चालू असेल तर ते विचारायची वाट न पाहता आधी सांगावं. जन आरोग्य योजनेसाठी शिधापत्रिका आणि ओळखपत्राचे फोटो मोबाइलमध्ये असावेत. कागद जवळ नसले तरी तातडीच्या वेळी फोनवर नोंद करून उपचार सुरू करता येतात, त्यासाठी आरोग्यमित्राचं, म्हणजे रुग्णालयातल्या योजनेच्या मदतनीसाचं, टेबल शोधावं.

आणि कंटाळून रुग्णाला स्वतःच्या जबाबदारीवर हलवायची वेळ आलीच, तर सही करण्यापूर्वी तीन गोष्टी हातात घ्याव्यात: आतापर्यंतच्या उपचारांचा वेळेसह लिहिलेला गोषवारा, ईसीजी आणि स्कॅनच्या प्रती, आणि ज्या रुग्णालयात नेताय तिथे खाट राखून ठेवल्याचा फोनवरचा होकार, बोलणाऱ्या डॉक्टरांच्या नावासह. ऑक्सिजन चालू असेल तर सिलिंडर पूर्ण प्रवासाला पुरेल का हे गाडी सुटण्याआधी विचारावं. ‘बी’ प्रकारचा भरलेला सिलिंडर साधारण दीड हजार लिटरचा असतो. मिनिटाला दहा लिटर लागत असले तर तो अडीच तास चालतो, आणि वाटेतली वाहतूक कोंडी त्या हिशोबात धरावी लागते.